रुग्णाच्या रकान्यात माझंच नाव

सांगली, गुरुवार संध्याकाळ

आज मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले आणि आधी नुसती रडले.

सहा वर्षं हॉस्पिटलच्या विमा खिडकीवर लोकांचे अर्ज भरतेय. सोमवारी आटपाडीच्या एका आजोबांच्या अर्जावर आजींऐवजी माझंच नाव लिहिलं. रुग्णाच्या रकान्यात! आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, लय दमलीयास गं. तुझा सवताचा इमा हाय का न्हाई?"

होता की! पण कधी वाचलाच नव्हता. त्या दुपारी वाचला. मनाच्या उपचारांचा खर्चही त्यात बसत होता.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांची रजा लिहून दिली. आजींच्या वॉर्डात जाऊन आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "मग हितं कशाला हुबी? जा घरी."

आले. आपल्या स्वयंपाकघरात संध्याकाळी एवढं ऊन येतं?