झिल्दाच्या ताटातली भेंडी

बारा दा लेन्या,
२ सप्टेंबर २००४

लोरिवाल,

आशीर्वाद आहेच. तब्येत विचारत नाही, ती टीव्हीवर दिसते. गाल वर आलेत. माझं म्हणशील तर गुडघे गेले, दात केव्हाच गेले, जीभ शाबूत आहे. अक्षर माझंच. साठाव्या वर्षी चर्चच्या वर्गात बसून शिकले ते एवढंच आलं, तेव्हा नाक मुरडू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, म्हणून हे पत्र. यात तुला मधे तोंड घालता येत नाही.

इकडे बकरी व्याली, दोन पिल्लं, एक मेलं. बंद पडलेल्या थिएटरला नगरपालिकेनं रंग दिलाय, पिवळा, कावीळ झाल्यासारखा. सत्तावीस तारखेला त्याच्यावर तुझं नाव लागणार म्हणे. 'लोरिवाल अरुआंदा नाट्यगृह.' हा अरुआंदा कोण रे? तुझ्या बापाचं आडनाव सांतुश होतं, ते काय फाटलं होतं?

नगराध्यक्षाचा माणूस येऊन गेला. बूट चकाचक, पण उंबऱ्यावर पुसले नाहीत.

"आजी, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. पांढरा झगा घाला, डोक्याला पांढरं बांधा. आणि रडू आलं तर आवरू नका, कॅमेरा असेल."

"आणि नाही आलं तर?"

"येईल हो! लोरिवालसाहेब बोलायला लागले की दगडाला पाझर फुटतो."

त्याला मी कॉफीसुद्धा विचारली नाही.

तू मोठा नट झालास ते मला, तुझ्या आजीला, कुणी सांगायला नको. दहा वर्षं प्रत्येक मालिकेत तबक घेऊन यायचास, "कॉफी आणलीय, बाईसाहेब" म्हणायचास आणि दारामागे जायचास. आळीतल्या बायका माझ्या घरात जमून तेवढ्यासाठी तासभर बसायच्या. मग एक दिवस तू ते तबक शूटिंगमध्ये जमिनीवर आपटलंस, यापुढे कुणाच्या घरचा नोकर होणार नाही म्हणालास, आणि पाच वर्षं तुला कुणी उभं केलं नाही. ते बरं केलंस. बाकीच्या काळ्या नटांना गोळा करून रस्त्यावर बसलास, पोलिसांनी डोकं फोडलं, तेही बरं केलंस. मग राजा झालास, पुढारी झालास, सेनापती झालास, आणि प्रत्येक सिनेमात शेवटी लांबलचक बोलून मेलास. इतकं बोलत कुणी मरत नाही. मी दोन नवरे पुरलेत, मला ठाऊक आहे.

पण मला लिहायचंय ते दुसरंच.

गेल्या वर्षी जुळ्या संतांच्या सणाला मी कारुरू घातला, भेंडी-सुकटीचं ते सणाचं जेवण, तेव्हा तू आलास, दोन कॅमेरेवाले घेऊन. सात पोरांना जमिनीवर बसवून आधी जेवू घातलं, मग मोठ्यांची पानं वाढली. तू माझ्या आणि आळीतल्या झिल्दाच्या मधे बसलास, ओशाळल्यासारखा, पांढरी विजार वर धरून. मी भेंडी बारीक चिरते आणि तीन अख्ख्या टाकते, माझ्या आईनं टाकल्या तशा. ज्याच्या ताटात अख्खी येईल त्यानं पुढच्या वर्षी कारुरू घालायचा. तुझ्या ताटात आली. तू बघितलीस. मी तू बघताना बघितलं. पुढच्या वर्षी पुन्हा या गावात यायचं, दोन दिवस भेंडी चिरायची, सुकट कुटायची, धुरात उभं राहायचं, हे सगळं तुझ्या तोंडावर दिसलं. इतका मोठा नट, पण तोंड नाही लपवता आलं. मग कॅमेरा पोरांकडे वळला आणि तू ती भेंडी दोन बोटांनी हळूच झिल्दाच्या ताटात सरकवलीस.

ती वेडी खूश झाली. "मावशी, मला आली! बाबा गेल्यापासून आमच्या घरात कारुरू झाला नाही!" म्हणाली. तू टाळ्या वाजवल्यास.

मी गप्प बसले. का गप्प बसले ते पुढे लिहिते, जरा दम घेऊ दे.

तुझं ते एकट्याचं नाटक मी बघितलंय, तुला ठाऊक नाही. पुतणीनं साल्वादोरला नेलं होतं, शेवटच्या रांगेत बसलो. तू दहा वर्षांचा पोर झालास. रविवारचा सिनेमा, तू मागच्या गादीच्या खुर्चीत जाऊन बसतोस. डोअरकीपर अबिलियो येतो, तुझा कान धरतो, "काळ्यांची जागा पुढच्या बाकावर" म्हणतो आणि तुला रस्त्यावर फेकतो. मग तू खांद्यावर शाल घेतोस आणि मी होतोस. मी! रस्त्यावर गुडघे टेकून रडते, आभाळाकडे हात करते, काय न् काय बोलते. लोक हुंदके देत होते. शेजारच्या बाईनं मला रुमाल दिला. मी त्यात नाक शिंकरलं, मला सर्दी झाली होती.

लोरिवाल, मी त्या दिवशी रडले नाही. मी शेंगदाणे विकले.

आता तीच गोष्ट पितळेच्या पाटीवर कोरून घेतोयस. तो बूटवाला कागद दाखवून गेला: 'याच दारातून डोअरकीपर अबिलियो याने बालवयातील लोरिवाल अरुआंदा यांना बाहेर काढले.' झिल्दाचा बाप. तुझ्या नाटकापासून तिच्या नातवाला शाळेत पोरं कान धरून ओढतात, तुला कुणी सांगितलं नसेल. ज्या दिवशी ती पाटी उघडायची, त्याच दिवशी झिल्दा कारुरू घालणार आहे. तू सरकवलेल्या भेंडीचा.

तर आता लिहिते.

न्यायाधीशाची बायको मागे बसली होती, पोरांना घेऊन. तिच्या शेजारच्या खुर्चीत तू. तिनं अबिलियोला बोलावून सांगितलं, "याला उठव." अबिलियो आपल्याहून काळा, तुझ्या नाटकात त्याला गोरा कुठून केलास? तो म्हणाला, "तिकीट घेतलंय पोरानं, बसू दे." एवढंच म्हणाला. मग ती बाई बाहेर आली, मी दारात शेंगदाणे घेऊन उभी. ओरडली नाही. हसली. म्हणाली, "जेनुईना, तुझा नातू चुकून भलतीकडे बसलाय वाटतं. सोमवारी कपडे न्यायला येशील ना?"

त्या घरचे कपडे मी धूत होते. घरात तू होतास, तुझी तापानं फणफणलेली बहीण होती, आणि तुमची आई पळून गेली होती.

टोपली खाली ठेवली आणि मी आत गेले. मी. तुझा कान धरला, उठवलं, भर सिनेमात एक ठेवून दिली, आणि ओढत बाहेर आणलं. अबिलियो दारात आडवा झाला, "अगं सोड त्याला" म्हणाला. मी त्यालाही ढकललं. पुढच्या रविवारी अबिलियो दारावर नव्हता. बाईला उलट बोलला म्हणून काढला. मरेपर्यंत तंबाखूच्या वखारीत गोण्या उचलल्या त्यानं. तो समोरून यायचा तेव्हा मी रस्ता बदलायचे.

अंधारात कान धरला तरी हात कुणाचा ते कळतं. तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. मला झाकायला खोटं बोललास असं तुला वाटत असेल, तर मी सांगितलं नव्हतं. मला संत केलंस, कारण आजीनं कान उपटला हे ऐकून कुणी टाळ्या वाजवत नाही. देशभर भाषणं करतोस, आपल्या माणसांना खाली बसवू नका म्हणून. झिल्दाच्या बापाच्या ताटात माझं पाप सरकवलंस, लेकीच्या ताटात तुझी भेंडी. आणि तुझं उघडं केलं तर माझंही उघडं पडेल म्हणून मी दोन्ही वेळा बघत बसले, म्हणून मला तुझी किळस येते तेवढीच माझी येते.

काल झिल्दाकडे गेले. ती सुकट निवडत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सिनेमाचंही आणि भेंडीचंही. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "बाबांनी कधी तुमचं नाव घेतलं नाही, मावशी." मला वाटलं, आता सुपातली सुकट तोंडावर फेकेल. तेही चाललं असतं. ती म्हणाली, "मग पाटीवर कुणाचं नाव?"

म्हणून हे लिहितेय. तू पंचवीस तारखेला यायचंस, कॅमेरे न घेता. झिल्दाच्या ओट्यावर बसून भेंडी चिरायचीस, हात चिकट होईपर्यंत, आणि काय सरकवलंस ते तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचंस. रडायचं नाही, ते तुला फार छान येतं. सत्तावीसला मी पहिल्या रांगेत बसेन, काळा झगा घालून. तीच जुनी गोष्ट सुरू केलीस तर उठून खरी सांगेन. मला माईक लागत नाही, वीस वर्षं शेंगदाणे ओरडून विकलेत.

आणि पाटी अजून कोरायची आहे, कारागिराला मी थांबवून आलेय. अबिलियोचं नाव खोडायला लाव. तिथे माझं घालायचं, पूर्ण, लग्नाआधीच्या आडनावासकट, सगळ्यांना वाचता येईल एवढ्या अक्षरात.

तुझा कान धरून तुला त्या दारातून बाहेर काढणारी,
जेनुईना मारिया दे जेझुस