सुशीला टेलर्सची मापं क्लाउडवर

१ जुलै, मंगळवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी.

काल संदेशशी शेवटचं बोलणं झालं. पोराचं म्हणणं, बाबा, आता सूट शिवून कोण घालतं? आबिड्ससारख्या भर बाजारात दुकान आहे, मोबाइलवाल्याला भाड्याने द्या आणि बरकतपुऱ्यात घरी बसून आराम करा. सत्तावन्नाव्या वर्षी आराम! माझ्या वडिलांनी उभं केलेलं दुकान, माझ्या आईचं नाव पाटीवर. म्हटलं, सहा महिने दे. दुकान मॉडर्न करून दाखवतो. नाही जमलं तर एकतीस डिसेंबरला किल्ल्या तुझ्या हातात. हौ म्हणाला. फार पटकन म्हणाला, तेवढं लागलं.

संकल्प : सुशीला टेलर्स सहा महिन्यांत पूर्ण क्लाउडवर. रोज सकाळी साडेनऊला दुकान उघडणे.

३ जुलै, दुपारी २

उघडायला सव्वाअकरा. गुडघा.

माधापूरहून युवराज नावाचा माणूस आला होता. टेलरिंगचं सॉफ्टवेअर विकतो. आपली सगळी मापं त्यांच्या कॉम्प्युटरवर राहतात आणि आपल्याला कुठूनही बघता येतात, हे त्याने सांगितलं. एक तास बोलला. मी मान हलवत होतो, त्यामुळे त्याला वाटलं मला सगळं कळलंय. बरंचसं कळलंच.

अंबाजीमामा मात्र पूर्ण वेळ त्या युवराजच्या खांद्याच्या शिलाईकडे बघत होते. चाळीस वर्षं आमच्याकडे कटर आहेत. कात्री उत्तम. दृष्टी मात्र टेपाच्या पलीकडे जात नाही. मला अजून धाकटे मालक म्हणतात.

८ जुलै

जुन्या वह्या चढवायला सुरुवात. एकूण एक्केचाळीस. प्रत्येक पानाचा फोटो काढायचा. आज अकरा पानं झाली. पाठ धरली.

१४ जुलै

वह्या नंतर. आधी नवीन गिऱ्हाइकं.

२२ जुलै, संध्याकाळ

खरी गंमत आज सुरू झाली. आवाजी नोंद! आत्तापर्यंत पद्धत अशी : मामा गिऱ्हाइकाला टेप लावून मोठ्याने माप सांगणार, माझी बायको त्रिवेणी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वहीत लिहिणार. सव्वीस वर्षं ती बिचारी हेच करत आली. मी गल्ल्यावर, म्हणजे व्यवस्थापन माझ्याकडे. आता मामांनी बोलायचं आणि फोन आपोआप लिहून घेणार. त्रिवेणीला सांगितलं, तू उद्यापासून घरी आराम कर. ती म्हणाली, अहो, पण मामांचं बोलणं त्या फोनला कळेल का? मी म्हटलं, अगं, त्यात जगातली सगळी अक्कल भरलेली आहे, तू नको परेशान होऊ. वही घेऊन गेली घरी. आठवण म्हणून असेल.

मामांनाही समजावलं, फोनला सगळं कळतं, तुम्ही फक्त बोला.

२५ जुलै

मामांची जुनी खोड जात नाही. फोनसमोर माप सांगतानाही मधूनच ‘अडतीस, वहिनी’ म्हणतात. वहिनी घरी आहेत हो! त्यांना दोनदा सांगितलं. हसले आणि पुन्हा तेच. सुदैवाने सॉफ्टवेअर हुशार आहे, आकडा ठेवतं आणि फालतू शब्द गाळून टाकतं. याला म्हणतात टेक्नॉलॉजी.

६ ऑगस्ट

इंटरनेट बंद. एक गिऱ्हाईक पँट न्यायला आलं, त्याची पावती क्लाउडवर. मामांनी नुसतं तोंड बघून पँट काढून दिली. ही पद्धत चालणार नाही, त्यांना बोललो. सिस्टिम नावाची गोष्ट असते.

२९ ऑगस्ट

गणपतीची मोठी मूर्ती गल्लीतून गेली, तिच्यात अडकून आमची इंटरनेटची वायर तुटली. तीन दिवस क्लाउड बंद. तीन दिवस दुकान मात्र बरं चाललं, हा योगायोग.

१२ सप्टेंबर

घरी गेलो तर हॉलमध्ये शेजारच्या चार बायका. त्रिवेणी ब्लाउजची मापं घेते आहे. म्हणाली, बसून बसून कंटाळा आला. म्हटलं, कर, तेवढाच विरंगुळा. चहा मात्र मला स्वतः करून घ्यावा लागला.

७ ऑक्टोबर, दुपारी ३

आज दिलीपराव आले होते. त्यांच्या वडिलांचे सूट माझ्या वडिलांनी शिवले, असा घरोबा. मुलाचं लग्न तेवीस नोव्हेंबरला. घरातल्या चौदा पुरुषांना सूट! मुंबईहून दोघे येणार, नागपूरचे तिघे, बाकी इथलेच. रेडिमेडच्या दुकानात जाऊन आले होते, पण दिलीपराव म्हणाले, पोट असलेल्या माणसाची लाज तुमच्याकडेच राखली जाते. वाक्य नीटसं कळलं नाही, पण बरं वाटलं.

संदेशला लगेच फोन केला. मीटिंगमध्ये होता. मेसेज टाकला : चौदा सूट. त्याने अंगठा पाठवला.

१९ ऑक्टोबर

चौदाही मापं झाली. दिलीपरावांची मंडळी चांगली खात्यापित्या घरची. मामा आज ‘वहिनी, वहिनी’ करून थकले. एकदा तर फोन तोंडाजवळ धरून ओरडून म्हणाले. वय झालं. डॉक्टरला दाखवायला हवं.

२७ ऑक्टोबर

मोठा निर्णय. चौदा सूट एकट्या मामांनी कापायचे म्हणजे डिसेंबर उजाडेल. क्लाउडचा फायदा कशासाठी घ्यायचा मग? अफझलगंजच्या बाजूला एक वर्कशॉप आहे. मापं इथून पाठवली की तिथे मशीनवर कापून शिवून मिळतात. बटण दाबलं, गेली. कापड बचतीचा एक पर्याय होता, तोही निवडला. दिलीपरावांचं कापड वाचलं तर त्यांनाच आनंद.

मामांनी विचारलं, ट्रायल कधी? म्हटलं, मामा, डिजिटल मापाला ट्रायल लागत नाही. ते कात्री पुसत बसले. दिवसभर तीच कात्री.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सूट आले. काय इस्त्री! काय पॅकिंग! थेट दिलीपरावांच्या घरी पोचवले. संदेशला फोटो पाठवले. या वेळी त्याने ‘नाइस बाबा’ लिहिलं. पूर्ण दोन शब्द. रात्री पोटभर जेवलो.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६.४०

दिलीपरावांचा फोन. आवाज अगदी शांत. म्हणाले, हणमंतराव, तुम्ही या, आणि येताना अंबाजीला घेऊन या. वहिनींनाही आणा.

शांत आवाजाची मला भीती वाटते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लिहायचं नव्हतं. लिहितो.

चौदापैकी नऊ कोटांची बटणं लागत नव्हती. नवरदेवाचे थोरले काका श्वास रोखून उभे होते, सोडला की बटण उडालं असतं. नागपूरच्या एका पाहुण्याने पँट चढवली होती, ती काढताच येईना.

मी मामांवर ओरडलो. सगळ्यांसमोर. चाळीस वर्षं मापं घेतली आणि आज ऐन लग्नात माझी लाज घालवलीत, म्हणालो. मामा म्हणाले, धाकटे मालक, मी तर दर वेळी वहिनी म्हटलं होतं.

मग त्रिवेणीने सांगितलं, हळू आवाजात, फक्त मला. ‘अडतीस’ म्हटलं तर अडतीस लिहायचं. ‘अडतीस, वहिनी’ म्हटलं तर त्यात तीन इंच वाढवून लिहायचं. पोटाचा खरा आकडा चारचौघांत मोठ्याने सांगायचा नाही, ही आमच्या वडिलांची शिकवण. त्यांच्या काळी माझी आई लिहायची. ही गोष्ट मामांना ठाऊक, त्रिवेणीला ठाऊक. शिवणकामाला लागून दोन वर्षं झालेल्या शोभालाही ठाऊक. गल्ल्यावर बसलेल्या मलाच तेवढी कुणी सांगितली नव्हती. किंवा मी कधी विचारली नव्हती.

विचारलं, मामा, मग फोनला कसं कळणार? ते म्हणाले, तुम्हीच सांगितलं ना, त्याला सगळं कळतं. एरवी कापणारे तेच, म्हणून इतके महिने बिघडलं नव्हतं.

कोट उसवून सैल करावे तर शिलाईत जास्तीचं कापडच नाही. मामा दर शिलाईत दीड इंच राखतात. वर्कशॉपने पाव इंचही ठेवलं नव्हतं. मी बचत निवडली होती ना.

दिलीपरावांच्या बेडरूममध्ये, जमिनीवर सतरंजी टाकून, मामा आणि त्रिवेणी बसले. पाठीच्या शिवणी उसवल्या, सुटांबरोबर परत आलेल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून कळ्या, म्हणजे पाचरीसारख्या पट्ट्या, कापून आत घातल्या. दोघांत एक शब्द बोलणं नाही, हात मात्र भराभरा. मी सुईत दोरा ओवून देत होतो. तीनदा चुकलो, मग त्रिवेणीने दोरा माझ्या हातातून काढून घेतला. मुहूर्तापर्यंत सहा कोट झाले. तिघे नुसत्या शर्टावर मांडवात उभे राहिले, त्यांत नवरदेवाचे थोरले काका.

दिलीपराव मला जेवायला आग्रह करत होते. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२६ नोव्हेंबर

दुकान बंद ठेवलं. गुडघा.

खरं तर गुडघा नाही.

१ डिसेंबर

युवराजला फोन केला. त्याने सांगितलं, सिस्टिमने दिलेला आकडा अचूक नोंदवला आहे, आमची चूक नाही. बरोबरच आहे त्याचं. म्हणाला, पुढच्या अपडेटमध्ये तुम्हाला हवा तो शब्द घालून देऊ. म्हटलं, नक्को.

९ डिसेंबर

दिलीपराव व्याह्यांना घेऊन घरी आले होते. मी आतल्या खोलीत बसून राहिलो. त्यांना सुनेच्या माहेरच्यांसाठी काही शिवायचं होतं. बाहेरून आवाज येत होते. मामा कधी आले होते कोण जाणे. मामा आकडे सांगत होते, त्रिवेणी जुन्या वहीत लिहीत होती. सगळं पाच मिनिटांत झालं. माझी कुणाला आठवण आली नाही. एकदाही नाही.

१८ डिसेंबर

संकल्प : संदेश येईपर्यंत प्रेझेंटेशन तयार करणे. विषय, सहा महिन्यांतून मिळालेले धडे.

२४ डिसेंबर

प्रेझेंटेशनचं पहिलं पान तयार. त्यावर दुकानाचं नाव आहे.

३१ डिसेंबर, बुधवार, संध्याकाळी ७

संदेश दुपारी दुकानात आला. मी किल्ल्या टेबलावर काढूनच ठेवल्या होत्या. प्रेझेंटेशन लावलं नाही. सरळ सांगितलं, बाळा, नाही जमलं.

संदेशने किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या. म्हणाला, बाबा, दुकान भाड्याने द्यायचं नाही असं ठरलंय. कुणाचं ठरलंय, विचारलं. आईचं आणि अंबाजीमामांचं. दोघांनी मागच्या आठवड्यात त्याला घरी बोलावून घेतलं होतं. मामा अजून पाच वर्षं कापतील आणि त्रिवेणीला शिकवतील. शोभाही राहणार. दिलीपरावांनी त्यांच्या व्याह्यांची आठ माणसं पाठवायचं कबूल केलंय. दुकान चालणार.

मला इतका आनंद झाला की मी संदेशचा हातच धरला. म्हटलं, मग मी उद्यापासून साडेनऊला येतो, अगदी साडेनऊला.

तो खाली बघायला लागला. मग म्हणाला, बाबा, त्यांची एकच अट आहे. तुम्ही घरी आराम करायचा.

मी मामांकडे पाहिलं. मामा खडूने कापडावर रेघ मारत होते, रेघ संपतच नव्हती. त्रिवेणीने डोळे पुसले, पण नाही म्हणाली नाही.

किल्ल्या तिच्याकडे दिल्या आणि बसने घरी आलो. चहा करून घेतला. दुकान वाचलं. उद्या सकाळी काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.