टाच चुकीच्या पायाची

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. ठीक नाही तो आपल्या बुटांच्या दुकानातला कॉम्प्युटर, आणि त्याच्यापायी मी. त्याच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला आता अपडेट मिळत नाहीत. हाडांचं हॉस्पिटल म्हणतं, असल्या मशीनवर आम्ही पेशंटची मापं पाठवणार नाही. हॉस्पिटलच तुटलं तर आपण खास बूट करून कुणाच्या पायात घालायचे? सकाळी ठरवतो, सिस्टिम बदलून टाकायची. दुपारी वाटतं, चाललंय ते चालू दे. तुझी वहिनी म्हणते, एवढा विचार मी तिला पसंत करतानाही केला नव्हता.

गेल्या महिन्यात धीर करून उसन्या लॅपटॉपवर नवी सिस्टिम वापरून पाहिली. तू लिहिलेला मापांचा प्रोग्रॅम तिच्यावर चालेना, म्हणून दुसरा घेतला. एक पाय आखूड असलेल्या शाळेतल्या बाई आठवतात ना? त्यांचा जोड केला. टाच उंच केली ती धडधाकट पायाची! तुझ्या प्रोग्रॅममध्ये उजवा पाय स्क्रीनच्या डाव्या बाजूला दिसतो, गिऱ्हाईक समोर बसतं तसा. नव्यात उलटं. वर उजवा-डावा लिहिलेलं असतं म्हणा, पण इतक्या वर्षांत मी ती अक्षरं कधी वाचलीच नाहीत. बाई दोन पावलं चालल्या आणि काउंटर धरून उभ्या राहिल्या. रागावल्यासुद्धा नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून कशातच चैन नाही. जुनं लावलं की हॉस्पिटल आठवतं, नवं लावलं की बाई. टेक्निशियन तीनदा आला, तीनदा काहीबाही निमित्त काढून मी त्याला परत पाठवला. एकदा तर चक्क आतून कडी घालून बसलो होतो.

खरं सांगू? भीती सिस्टिमची नाही. चार वर्षांपूर्वी तू हेच म्हणत होतास, की हीच नवी सिस्टिम घालू, प्रोग्रॅम मी नव्याने लिहून देतो. आणि मी चार गिऱ्हाइकांदेखत म्हटलं, दुकान माझं आहे, तू इथे आहेस तो माझ्या मेहेरबानीने. दुसऱ्या दिवसापासून तू आला नाहीस. आता त्या टेक्निशियनला हो म्हटलं, तर तू बरोबर होतास हे मी एका परक्या माणसापाशी कबूल केल्यासारखं होईल, आणि तुझ्यापाशी कधीच नाही. ते मला सहन होणार नाही. म्हणून लिहितोय. तू बरोबर होतास, मी चुकलो. सिस्टिम बदलायची, ठरलं. तो शनिवारी येणार आहे. त्या दिवशी तू इथे हवा आहेस मला. नाही आलास, तरी हे त्याच्याआधी तुला कळायला हवं होतं.

तुझाच,
मोठा