लांब बाह्यांचा ब्लाउज

टॅक्लोबान, ३० जून

प्रिय आईला मरिफेचा नमस्कार,

गोंदलेल्या हाताची सूज उतरली, काळजी करू नकोस. बाबांचा अबोला अजून चालूच आहे का?

काल बाळ येशूच्या जत्रेत आम्ही नाचलो. पूर्वजांसारखी गोंदणाची नक्षी बाकीच्यांनी हातावर रंगवली होती, माझी तेवढी खरी. नाच बसवणाऱ्या लोर्नाबाई मला म्हणाल्या, "तुझं खरं गोंदण झाक. रांगेत वेगळं दिसतंय."

मी म्हटलं, "बाई, ज्या पूर्वजांच्या नावाने नाचतोय, त्यांचं गोंदण काय साबणाने जायचं?"

ढोलवाले हसले. मी तशीच नाचले, पहिल्या रांगेत.

संध्याकाळी सगळ्याजणी नळावर रंग घासत बसल्या. मी तोवर जेवून मोकळी झाले.

नाताळला येतेय. माझ्यासाठी लांब बाह्यांचा ब्लाउज शिवू नकोस. लाज बाबांना वाटतेय, त्यांनाच शिव.

तुझी, आणि त्यांना पटो न पटो, त्यांचीही,
मरिफे