खणात वाजणारा फोन

प्रिय भाचीबाई,

तुझं तिकीट निघालं हे वाचलं. पायाभरणीच्या समारंभाला काय घालू म्हणून विचारलंस, त्यातलं मला काय कळतं? उत्तराला उशीर झाला. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो पहिल्यापासून तक्रारखोर. तुझ्या आईची खोली आहे तशीच ठेवली आहे, खिडकी तेवढी रोज उघडतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो. आज मला मधेच थांबून चालणार नाही.

बालकेंद्राच्या नव्या इमारतीला ताईचं नाव द्यायचं म्हणून पालिकेचे अधिकारी घरी आले होते, ते तुला सांगितलंच. तुझी आणि माझी संमती हवी म्हणाले. मी त्यांचा चहा संपायच्या आत सही करून दिली. मग त्यांनी नकाशा पसरला. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढलेला माणूस मी, नजर आधी दाराकडे गेली. नावाची अक्षरं बारीक होती आणि अर्धी पन्हळीमागे झाकली जाणार होती. मी पेन्सिल मागून घेतली. नाव वर सरकवलं, अक्षरं मोठी केली, रस्त्यापलीकडून वाचता येतील एवढी. ताई गेल्यापासून हाताला पहिल्यांदाच काम मिळालं होतं. खरं सांगतो, त्या दुपारी मला आनंद झाला. चांगली भूकसुद्धा लागली.

तू लहानपणी आईच्या कामावर फार चिडायचीस. ज्या घरात नवं बाळ आहे आणि आई एकटी आहे, किंवा बाप पितो, किंवा आईच अजून पोरसवदा आहे, तिथे दर आठवड्याला जाऊन बसायचं, काही वाईट घडायच्या आत. आणि आपल्या घरी तू खिडकीत. एकदा म्हणालीस, "मामा, मी पण वाईट घरातलं बाळ असते ना, तर आई माझ्याकडे आली असती." मी तुझी वेणी घालत होतो, नेहमीसारखी वाकडी. मागे होतो म्हणून माझं तोंड तुला दिसलं नाही.

अधिकारी येऊन गेल्यावर काही दिवसांनी ताईच्या बरोबरीने काम करणारी ती बाई आली, तू जिला छत्रीवाली मावशी म्हणायचीस. छत्री अजून तीच आहे. टेबलावरचा नकाशा तिने पाहिला आणि म्हणाली, "झकास हो भाऊ. ताईंचं नाव दारावर आणि आम्ही दाराबाहेर." तेव्हा कळलं. घरभेटींसाठी दरवर्षी जो निधी यायचा, तो सगळा या इमारतीकडे वळवायचा ठरतंय. ताईच्या जागी कुणाला नेमलेलं नाही. मावशीला जन्मनोंदणीच्या खिडकीत बसवलंय. मी म्हटलं, लोक केंद्रात येतील की. ती म्हणाली, "ज्यांना गरज असते त्या येत नाहीत हो. घरात काय चाललंय ते चारचौघांत कोण सांगेल? म्हणून तर आम्ही जायचो, ओळखपत्रसुद्धा पिशवीत लपवून." मला राग आला. तिचाच. जाताना तिने सहज सांगितलं, "निळ्या जिन्यावरच्या पोरीने चिठ्ठी पाठवून विचारलंय, ताई फोन का उचलत नाहीत? तिला कुणी कळवलंच नाही वाटतं."

आता हे नीट वाच. ताईचा फोन मी खणात ठेवला आहे आणि तो चार्ज करत असतो. का, ते विचारू नकोस. तो अधूनमधून दुपारी वाजायचा. नाव नेहमी एकच दिसायचं, 'निळा जिना'. ताई त्या घरांची नावं लिहायची नाही, खूण लिहायची, हे मला माहीत नव्हतं. मी कधी उचलला नाही. खुर्चीत बसून वाजून थांबेपर्यंत ऐकायचो. ती घरात कुठेतरी आहे आणि आत्ता येऊन उचलेल असं वाटायचं. मला तो आवाज आवडायला लागला होता.

मावशीच्या सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. लोखंडी जिना, निळा रंग पोपडे धरलेला. दार जरासंच उघडलं. मावशीने सगळ्यात आधी प्यायला पाणी मागितलं. ही ताईचीच रीत. पाणी देणारा माणूस घराचा मालक होतो, त्याला आपली तपासणी चाललीय असं वाटत नाही, म्हणायची. पोरगी कॉलेजात जायच्या वयाची. मी कोण ते कळल्यावर, आणि ताई गेल्याचं कळल्यावर, तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "ताईंनी सांगितलं होतं, बाळ रडायचं थांबत नसेल आणि तुझे हात शिवशिवायला लागले, तर त्याला पाळण्यात ठेव, दार ओढून घे, जिन्यावर येऊन बस आणि मला फोन कर. मी केला. त्या उचलेनात. वाटलं, मला कंटाळल्या." एकदा मात्र ती जिन्यावर आली नाही. एवढंच बोलली आणि तिने बाळाच्या दंडाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथे आता काही दिसत नव्हतं. बाळ गुबगुबीत आहे, माझा चष्मा ओढत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन संमती परत घेतली. अधिकारी वाईट माणूस नाही. म्हणाला, "काका, इमारत दाखवता येते. घरभेटी कशा दाखवू? काही घडलं नाही, हे लोकांना कसं दाखवायचं?" बोलता बोलता हेही सांगून गेला, की सभेत या इमारतीला विरोध होता. ताईंचं नाव म्हटल्यावर सगळे गप्प झाले. शेवटचं मतदान पुढच्या महिन्यात आहे. आणि माझी संमती नसली तरी चालेल म्हणाला, मुलीची पुरेशी आहे.

म्हणून हे पत्र. तू सही करू नकोस. नाव काढलं म्हणजे भेटी पुन्हा सुरू होतील असं नाही, पण निदान तिच्या नावाआड कुणाला लपता येणार नाही. तुझ्या वाट्याला आई कधी पुरी आली नाही. आता एका दारावर तरी हक्काने सापडली असती, आणि तेही मी तुझ्याकडून मागून घेतोय. अक्षरं मोठी करणारा मीच. तू सही केलीस तरी समारंभाला मी तुझ्या शेजारी येऊन बसेन, तोंड वाकडं करणार नाही. तिकीट मात्र रद्द करू नकोस. काही झालं तरी ये. फोन अजून खणातच असतो, पण खण मी आता लावत नाही. परवा वाजला. मी उचलला आणि ताई विचारायची तेच विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, नाही. मग तिने ताट वाढून घेईपर्यंत मी फोन कानाला धरून बसलो.

तुझाच,
वाकड्या वेणीचा मामा