सात घरं सुटली, चूल मांडली

मंगळ., ८ नोव्हें. १९३२
आज फजिती! गिरणीच्या कचेरीतून सुटलो नि पाय आपोआप वकीलकाकांच्या घराकडे. पाच वर्षं शिकलो ते सात घरी वारानं जेवून. मंगळवार यांच्याकडचा. हातपाय धुतले, पाट घेतला, बसलोसुद्धा. काकू ताट घेऊन आल्या नि बघतच राहिल्या.
"अरे, तू नोकरीला लागलास ना?"
तेव्हा डोक्यात उजेड. वार संपले, मी आता कारकून! उठायला लागलो तर दटावलं, "मांडल्या पाटावरून उठू नये." चार पोळ्या हाणल्या. लाज वाटली, पण भूक जास्त होती.
हा शेवटचा मंगळवार. यापुढे स्वतःच्या हातचं!!

शुक्र., ११ नोव्हें.
खोली मिळाली. लिंगायताचं घर, मागच्या अंगणातली, एक खिडकी. घरमालकीण म्हातारी, तिला सगळे अव्वा म्हणतात, मीही. कुंभाराकडून चूल आणली. डोक्यावरून आणली, भर रस्त्यातून! गिरणीतला एक ओळखीचा हसला. हसू दे.
मामांना पत्र टाकलं, आईला न्यायला येतो म्हणून.

गुरु., १७ नोव्हें.
मामांचं उत्तर. "सात घरी जेवलेल्याला घर चालवणं काय ठाऊक? संक्रांतीपर्यंत एकटा राहून दाखव. मग तुझी आई येऊन बघेल आणि काय ते ठरवेल."
दाखवतोच. बाबा गेल्यापासून बारा वर्षं आई मोडनिंबला मामांच्या चुलीपुढे. दहा माणसांचं, दोन्ही वेळचं. तिला तिथून सोडवायची म्हणजे सोडवायची.

शनि., १९ नोव्हें.
भाकरी. पहिलीचे तव्यावर तीन तुकडे, दुसरी हातातच मोडली, तिसरी... जाऊ दे. अव्वा दारातून बघत होती. माझ्या चुलीला शिवायचं नाही म्हणून आत येत नाही, पण तोंडानं आत असते.
"पीट कदी दळलंस?"
म्हटलं, मागल्या शनिवारी. महिन्याची ज्वारी एकदम दळून आणली, खेप वाचली.
"अगं बाई! विरी गेली की त्याची. चिकटपना ऱ्हायला न्हाई, भाकरी थापता येईल कशी? चार दिसाचं दळावं, बाबा. लई शानपना हाय तुज्याकडं!"
आता महिनाभर त्याच पिठाची धिरडी-उकड-काहीतरी. उकडीत मीठ दोनदा पडलं. तरी खाल्लं, आणि मजेत खाल्लं. ओरडायला कोण आहे!

रवि., ११ डिसें.
फुगली!! टम्म फुगली!!! इतक्या जोरानं ओरडलो की अव्वा धावत आली, तिला वाटलं धोतर पेटलं. भाकरी दाखवली. "व्हय, आता बाप्या झालास," म्हणाली नि शेंगाचटणीची वाटी उंबऱ्यावर ठेवून गेली.
लगेच आईला पत्र. दर आठवड्याला लिहितो, काय काय शिजवलं ते. मामांची यमू तिला वाचून दाखवते. आज दोन पानं भरली. मंडईतल्या माळणीनं मला फसवायचं सोडलं हेही लिहिलं.

शुक्र., १३ जाने. १९३३
आई आली!! काल उतरली. आज भोगी, रजा काढली. तिला पाटावर बसवलं, उठू दिलं नाही. तीळ लावून बाजरीची भाकरी, हरभरा-वांगं-गाजर-बोरं घालून भाजी. मी वाढलं. बारा वर्षांत आईला कुणी वाढताना मी बघितलं नव्हतं. माझेच डोळे भरले. ताट घासायला निघाली, ते हातातून काढून घेतलं. सदऱ्याला बटण लावायला सुई मागितली, म्हटलं, कालच लावलं मी.
मग आई रिकामे हात पदरात गुंडाळून पाटावरच बसली. समाधान असेल.

शनि., १४ जाने.
तिळगूळ झाल्यावर म्हणाली, "तुला सगळं येतं रे." मी फुगलो. मग म्हणाली, "मग माझं इथं काय काम? तिथं उठल्यापासून दहा जण हाका मारतात. माझ्यावाचून चूल पेटत नाही त्यांची."
मामांची परीक्षा पास झालो आणि आईला घालवायची तयारी स्वतःच्या हातानं केली. असला गाढव मीच!

रवि., १५ जाने.
गाडी साडेपाचाची. आईनं गाठोडं बांधलं. आंघोळ करून येऊन तिच्यासमोर बसलो नि बोलून टाकलं. "काम काही नाही. कामाला नाहीच बोलवलं तुला. फुगलेली भाकरी एकटा खातो ती घशाखाली उतरत नाही. वाराला होतो तेव्हा रोज कुणीतरी 'अजून वाढू का' म्हणायचं. इथं कुणी नाही म्हणत."
गाठोड्यावरचा हात काढून म्हणाली,
"हे पत्रात कधी लिहिलं नाहीस. भाज्याच लिहिल्यास."
मग उठून अंगणात अव्वाजवळ जाऊन बसली. अव्वानं विचारलेलं ऐकलं, "ऱ्हानार की हितं?" आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.
तीन वाजले. टांगा अजून सांगितलेला नाही. तीही विचारत नाही.