टिचबटणांचा सदरा

सावली, रविवार

प्रिय अयूब,

फोनवर तू मला बोलू देतोस कुठे! बोनमॅरोच्या ट्रान्सप्लांटला मी नाही म्हटलं की वाद घालत नाहीस, नुसतं विचारतोस, "लटारू, माप कधी देतं बे?" जसा काही मी लग्नाचा सूट शिवायला निघालोय. म्हणून हे पत्र.

मागे रक्त चढवायला नागपूरला गेलो, तेव्हा वॉर्डात तुझा दरबार पाहिला. आला होतास स्वतःच्या तपासणीला, पण काखेत सदऱ्यांचं गाठोडं! छातीत नळी असली की रक्त काढायला दरवेळी कपडे उतरवावे लागतात, आणि त्या गार खोलीत माणूस कुडकुडतो. तुझ्या ट्रान्सप्लांटच्या वेळी तू स्वतः कुडकुडलास, आणि बरा होऊन भद्रावतीला आल्यावर शिलाई मशीनवर बसून पहिला शिवलास तो छातीवर झडप अन् टिचबटणं लावलेला सदरा. रंग मात्र ज्याचा त्यानं सांगायचा. दवाखान्यात दुसरं काहीच आपल्या मनासारखं नसतं, म्हणतोस.

त्या दिवशी सोमारीसाठी पोपटी सदरा आणला होतास. धानोऱ्याकडची पोर, नुकतंच ट्रान्सप्लांट झालेलं, तोंडात घास धरीना. तू काचेबाहेर बसून तीच फिकी खिचडी खात फोनवर तिला सांगत होतास, "मले बी सारं मातीवानी लागे बाई. मंग एक दिवस अंबाडीची भाजी आंबट लागली, अन् मी ताटावरच रडलो." पोरगी हसली, दोन घास खाल्ले तिनं. माझे डोळे भरून आले, तुला दिसलं नसेल.

खातूनच्या पेशी अंगात घेतल्यास, तर रक्तगटही बहिणीचाच झाला. जुन्या लसींचा असर पुसला गेला म्हणून लेकरांच्या लसी पुन्हा टोचून घेतल्यास, त्याही आयांच्या रांगेत बसून. अजब माणूस आहेस गड्या! मला तुझा फार अभिमान वाटतो.

मी मात्र भ्यालो. माझ्या भावाच्या, पत्रूच्या पेशी जुळतात हे दिवाळीतच कळलं होतं. आधी धान कापू दे, मग चुरणा, मळणी होऊ दे, अशी कारणं काढत राहिलो. खरं एकच, त्या खोलीतून परत आलो नाही तर?

काल पत्रूलाच म्हटलं, टेप आण. माप घेताना तो तीनदा आकडा विसरला. मला वाटायचं, भीती एकट्या मलाच आहे. फोनवर हे सांगताना रडलो असतो, म्हणून लिहिलं. माप पत्राच्या मागच्या बाजूला आहे, रंग हळदी. अंगावर आता हाडंच उरलीत, पण तू मापाबरहुकूम शिवू नको. थोडा सैल ठेव. मला भरून यायचं आहे.

तुझाच,
लटारू